नानांसाठी भूशिराचा फोटो

माणगाव, रात्री

ती. नानांस, सा. न.

पनवेलचं लग्न नीट पार पडलं. आहेराचं आईला आल्यावर सांगेन. बाकीची मंडळी एस.टी.ने धुळ्याला गेली, आम्ही चौघं ट्रॅक्स घेऊन तुमच्या फोटोसाठी खाली उतरलो. 'घर सोडून दगड बघायला?' असं सासूबाई म्हणाल्या, पण यांनी तुम्हाला शब्द दिला होता.

माघात घाम येतोय, नाना! तिकडे शेकोट्या पेटल्या असतील. जेवायला भात, भातावर आमटी, आमटीत गूळ. पोरांनी तिखट मागितलं तर खानावळवाल्याने लोणचं वाढलं. शेवभाजी म्हणजे काय, हे त्याला समजावता समजावता मलाच भूक लागली. करप्याची फवारणी झाली का? गुडघ्याला तेल लावता ना? डोळे मिटताहेत, उद्या लिहिते.

हरिहरेश्वर, षष्ठी, संध्याकाळी

श्रीवर्धन, पेशव्यांचं गाव, गाडीतूनच पाहिलं. इथे पोचलो तो चार वाजले होते. पावती फाडणाऱ्या माणसाने वरचे सुटे पैसे दिले नाहीत, आणि मागितले तर 'घाटावरची माणसं फार घाई करतात' म्हणाला. पोरांसमोर असं बोलला याचा राग अजून गेलेला नाही. दोनदा वळून त्याच्याकडे जाणार होते, यांनी थांबवलं.

दर्शन झालं. काळभैरवाच्या मागून कातळातल्या खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात, पण प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली होती. जिथे उतरलोय त्या घरच्या काकूंनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज सहाची पाऊणपट, साडेचार. तुम्ही फळ्यावर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते असं शिकवायचात. काकूंचा हिशेब पंचेचाळीसचा निघतो, आणि त्या तो भाकरी थापता थापता करतात. भाकरी तांदळाची. मऊ आहे, पण कळण्याच्या भाकरीची भूक तिने भागत नाही.

सप्तमी, दुपारी

अकराच्या सुमाराला पाणी उतरलं. अष्टमी जवळ, म्हणजे भांगाची ओहोटी, समुद्र फार मागे गेला नाही. लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, असं काकूंनी बजावलं होतं. यांनी पोरांचे हात सोडले नाहीत. शेवाळावर पाय ठरत नव्हता.

नाना, तुमचा तरंगघर्षित मंच मी पाहिला. पुस्तकातल्या आकृतीत ती एक तिरकी रेघ होती. इथे कड्याचा पाया लाटांनी खाऊन खाऊन आत गेलाय, आणि पुढे काळ्या कातळाची सपाटी थेट फेसापर्यंत. कड्याच्या अंगाला खाऱ्या पाण्याने मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तोच हा बेसाल्ट. तिथे तो छिन्नीने कापला, इथे लाटांनी. दक्षिणेला सावित्रीचं मुख, पलीकडे बाणकोट. आपली तापीही याच समुद्राला मिळते, एवढं उत्तरेकडे बघत पोरांना सांगितलं. ते तुमचंच वाक्य.

इतकी वर्षं तुम्ही हे न पाहता वर्गाला शिकवलंत, आणि एकही रेघ चुकलेली नाही. मला तिथे उभं राहून रडू आलं, यांना सांगितलं नाही.

लग्नात रोल बराच संपला होता, म्हणून जपून काढले. एकात हे कड्याच्या पायथ्याशी उभे आहेत, म्हणजे तुम्हाला उंची कळेल. एक मंचाचा, माणसांशिवाय. खाचेचा काढताना काचेवर तुषार उडाले, तो कसा आला असेल सांगवत नाही.

उद्या पहाटे निघतो. रोल धुळ्यालाच धुवायला टाकीन, मोठी प्रत काढून रविवारी जळगावला घेऊन येते. आईला भरीत करायला सांगा, बामणोदची वांगी मिळाली तर तीच. मिरच्या कमी करू नका म्हणावं.

तुमची,
बेबी