सोपाऱ्याचा दगड आणि पेटीतली मोडी



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी मुंबईला गेलो होतो. समुद्र तर पाहिलाच, पण लक्षात राहिला तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला एक फुटका दगड. तो वसईजवळच्या सोपाऱ्याचा आहे. सोपारा म्हणजे जुने शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे वैभव सरले.

दगडावर सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा आहे. राजे शिकारीला जात, आपण मात्र धर्मयात्रेला जाऊ लागलो, असे अशोक त्या आज्ञेत सांगतो. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. ही लिपी लोक शेकडो वर्षे विसरले होते. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी लहानपणापासून गिरनारचा शिलालेख वाचायच्या ध्यासाने झपाटलेले. त्यांनीच 1882 साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी, डबीत डबी आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती निघाल्या. वाचणारा भेटला म्हणून दगडाचा वारसा झाला.

नवव्या आज्ञेचा तुकडा जवळच्या भुईगावला 1956 साली सापडला. त्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपले पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी टिकली, पण आजोबा-पणजोबांची मोडी गेली.

हे लिहिताना आम्हाला आमचीच चूक आठवते. काही वर्षांपूर्वी घराची रंगरंगोटी करताना आजीच्या पेटीतून मोडीतल्या कागदांचा गठ्ठा निघाला. “आता हे कोण वाचते बाप्पा?” आजी म्हणाली. आम्हीही मान डोलावली आणि गठ्ठा रद्दीत गेला. शेतीचे होते, देवळाचे होते की भोसल्यांच्या काळातले, ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून पालकांना आणि विश्वस्त मंडळींना विनंती, जुना कागद, भजनाची वही, देवळाचा हिशेब टाकण्याआधी शाळेत दाखवावा. आम्ही त्याचे फोटो काढून ठेवू. मोडी आम्हालाही येत नाही. यंदा उन्हाळ्यात मुलांसोबत आम्हीही बाराखडीपासून शिकणार आहोत.