लाट गिळणारी माती

ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते. पारनेरच्या आमच्या घरी आप्पा ओट्यावर बसून पुणे केंद्र लावीत, तेव्हा रेडिओ असा हळूहळू फिरवीत, की पाहणाऱ्याला वाटावे, देव्हाऱ्यात मूर्तीच बसवताहेत! कांडीचे टोक पुण्याकडे झाले की गाणे दबे. कांडी आडवी झाली की गळा मोकळा होई. ७९२ किलोहर्ट्‌झची ती लाट सुमारे ३७९ मीटर लांब, आणि तिला पकडणारी कांडी वीतभर!

ही कांडी फेराइटची. लोखंडाचा गंज आणि इतर धातूंची भस्मे दळायची, दाबायची, भट्टीत भाजायची. कुंभारकामच म्हणा ना. फक्त हे मडके चुंबकाच्या गुणाचे. १९३० च्या सुमारास टोकिओत काटो आणि ताकेई यांनी त्याचा पाया घातला.

माझा पुतण्या याच पदार्थावर प्रबंध लिहितो आहे. पण त्याचे काम उलटे. लाट ऐकायची नाही, गिळायची. रडारची लाट आपटून परतली की विमान सापडते. अंगावर फेराइटचा लेप असला, तर तिचा बराच भाग तिथेच जिरतो.

“जिरते म्हणजे जाते कुठे रे?” वहिनींनी चकल्या पाडता पाडता विचारले.

“ऊब होते, आई.”

फेराइट रंगात कालवता येते, पण तापणाऱ्या भागावर रंग टिकत नाही. म्हणून प्लाझ्माचा फवारा. आर्गॉनसारख्या वायूत विजेची ज्योत पेटवायची. दहा हजार अंशांवरच्या त्या झोतात भुकटी सोडायची. कण वितळून धातूवर आपटतात आणि धिरड्यासारखे चपटे होऊन थरावर थर बसतात. पण झटकन थिजल्यामुळे त्यांची आतली मांडणी विसकटते, चुंबकत्व घटते. ते परत आणायला लेप पुन्हा भाजावा लागतो, आणि जास्त भाजावे तर खालच्या धातूला सोसत नाही. चार वर्षे हेच चालले आहे. मुलाचे लग्न त्या भट्टीपायी रखडले, असे वहिनींचे स्पष्ट मत आहे.

मला सलते ते वेगळेच. ज्या मातीने आप्पांना गाणी ऐकवली, तिने आता तोंड लपवायला शिकवावे? पुतण्या म्हणाला, “काका, आपल्या नगरच्या व्हीआरडीईत गाड्यांची विद्युतचुंबकीय तपासणी होते. अशा तपासणीच्या खोल्यांच्या भिंतीही लाटा गिळतात. एका यंत्राच्या लाटांनी दुसरे बिघडू नये, यातही माणसाचा जीव वाचतो.” हे मी मान्य केले, पुरते नव्हे.

“मग घराच्या भिंतींना दे तो लेप,” वहिनी म्हणाल्या. “जेवताना फोन तरी वाजणार नाहीत.”

“रडारच्या तीन सेंटीमीटरच्या लाटेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुरतो, आई. फोनची लाट लांब. तिला जाड लागेल.”

“मग लाव की जाड!”