आगाशिवाची पुढची बाजू

आमच्या कराडच्या घराच्या गच्चीवरून नैर्ऋत्येला आगाशिव दिसायचा. आता मधे एक सहा मजली इमारत आलीय, त्यामुळे तिच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडून त्याचा खांदा तेवढा दिसतो. वडील त्या डोंगराचा उपयोग कॅलेंडरासारखा करत. मार्गशीर्षात सूर्य आगाशिवाच्या पाठीवर टेकून बुडायचा. संक्रांत झाली की रोज थोडा थोडा उजवीकडं सरकायला लागायचा आणि शाळेला सुट्टी लागेपर्यंत पार वसंतगडाच्या अंगाला जायचा. "आगाशिव सोडला त्यानं," असं वडील जानेवारीअखेर एका संध्याकाळी जाहीर करत, आणि त्या आठवड्यात आमच्याकडं गोधड्या धुवायला निघत.

एवढा रोजचा डोंगर, पण पाहुणे आले की त्यांना प्रीतिसंगमावर नेत, यशवंतरावांची समाधी दाखवत, वेळ उरला तर मनोरे आणि नकट्या रावळाची विहीर. कुणाला चढायचीच हौस असेल तर पूर्वेला सदाशिवगड होता, तळबीडला वसंतगड होता. आगाशिवाचं नाव कुणी काढत नसे. कारण साधं आहे, तो किल्ला नाही. त्याला तट नाही, बुरूज नाही, कुणी राजा तिथं मुक्कामाला राहिल्याची कथा नाही. आपल्याकडं डोंगराची पत तो कुणाच्या ताब्यात होता यावर ठरते. वसंतगडाच्या पायथ्याचं तळबीड हंबीरराव मोहित्यांचं गाव, म्हणजे त्या डोंगराची सोयरीक थेट छत्रपतींच्या घराण्याशी. आगाशिवाला असे कुणी पाव्हणे नाहीत. वर एक महादेव, पोटात साठाहून जास्त लेणी आणि भोवती आपापल्या कामात असलेली गावं. नाव तेवढं भरपूर वापरलं गेलं. मलकापुराच्या अंगाला आगाशिवनगर म्हणून अख्खी वस्ती आहे, रेशनकार्डावर, वडापच्या काचेवर, दुकानांच्या पाट्यांवर आगाशिवच आगाशिव. तिथं जन्म काढलेल्या एकाला मी विचारलं होतं, वर काय आहे हो? "काय न्हाई, देऊळ हाय," तो म्हणाला. गेलाय का कधी? "आता रोज दिसतंय की हितनं."

मी पहिल्यांदा वर गेलो तो आजीचं बोट धरून, श्रावणी सोमवारी, जखिणवाडीच्या वाटेनं. पायऱ्यांचं काही आठवत नाही. आठवतो तो पावसानं निसरडा झालेला मुरूम, आणि पुढं चाललेल्या आजीच्या टाचा, भेगाळलेल्या, तांबड्या मातीत भरलेल्या. मी वर बघतच नव्हतो, तिच्या टाचा जिथं पडतील तिथं पाय टाकत होतो. आजी वारकरी होती, महादेवाला जायचं तिला तसं अगत्य नव्हतं. ती जायची ते अर्ध्या वाटेवरच्या लेण्यासाठी. जखिणवाडीच्या अंगाची लेणी उन्हाकडं तोंड करून ओळीनं कोरलेली आहेत. बहुतेक साधी, एक चौकोनी दालन, आत लहान खोल्या, खोलीत एका माणसाला आडवं होण्यापुरता दगडी ओटा. त्यातल्या एका लेण्यात स्तूप आहे, आणि त्या स्तूपाच्या दर्शनी अंगावर नंतर कधीतरी कुणीतरी विठोबा कोरलाय. आजीनं पदराच्या गाठीतून बुक्का काढला, त्याला लावला, मला लावला, आणि त्याच ओल्या अंधारात बसून आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. वटवाघळांचा वास येत होता. तो वास आणि शेंगदाण्याचा कूट यांची माझ्या डोक्यात जी गाठ पडली ती अजून सुटलेली नाही.

पुढं शाळेत इतिहासाच्या सरांनी सांगितलं की ती लेणी बौद्धांची, दोन हजार वर्षांच्या घरातली, आणि तो दगड म्हणजे स्तूप. मी मोठ्या ऐटीत घरी येऊन आजीला ही बातमी दिली. तिला धक्का बसावा अशी माझी फार इच्छा होती. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "असंल. आधी बसले असतील, मग उभे राहिले."

दुसरी वाट आईची. आईचं माहेर चचेगाव, डोंगराच्या उत्तरेला, ढेबेवाडीच्या रस्त्यावर. मामाच्या अंगणातून आगाशिव दक्षिणेला दिसतो आणि ओळखूही येत नाही. आमच्या गच्चीवरून तो लांब पाठीचा, निवांत बसलेल्या बैलासारखा. चचेगावातून तो एकदम अंगावर येतो, काळा, सावलीतला. हिवाळ्यात त्याची सावली निम्मा दिवस उतारावरून हटत नाही, त्यामुळे त्या अंगाचं गवत उशिरा वाळतं. कोयनेच्या खोऱ्याकडं तोंड केलेला लेण्यांचा एक गट याही बाजूला आहे, पण तिकडं कुणी फारसं जात नाही. मामाकडच्या माणसांच्या लेखी डोंगराची हीच पुढची बाजू. जखिणवाडी म्हणजे डोंगराच्या मागचं गाव. मी एकदा जखिणवाडीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो मनापासून चिडला. "देवाचं रोजचं येणंजाणं आमच्याकडनं हाय आणि म्हागं आमी?"

लहानपणी आई गुरं घेऊन या वाटेनं वर जायची. तिथून पलीकडं कृष्णा-कोयनेचं तोंड दिसतं. कोयना उत्तरेकडे वळून समोरून येणाऱ्या कृष्णेला भिडते आणि दोघी पूर्वेला काटकोनात निघून जातात, हे नकाशात बघून कळायच्या आधी तिला गुरांमागं उभं राहून कळलं होतं. आणि दिसायचं कराड. वडिलांशी तिचं काही बिनसलं की ती हमखास सांगायची, "तुमचं घर मी लग्नाच्या आधी धा वर्षं बघितलंय. वरनं. लईच ल्हान दिसायचं." वडील यावर काही बोलत नसत.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाचीही तिची एक आठवण होती. सगळं गाव घराबाहेर. बायका पोरं उघड्यावर, थंडीत, पाठी नदीकडं आणि तोंडं डोंगराकडं करून बसलेली. कशासाठी? "आगाशिव हलतोय का बघत." उजाडेपर्यंत ते बघत होते. हलला नाही. मग सगळे घरात गेले आणि चुली पेटवल्या.

तिसरी वाट माझी स्वतःची, म्हणजे चोरून जायची. जुन्या कोयना पुलावरून सायकल मारत मलकापूर, आगाशिवनगरात एका पानपट्टीवाल्याकडं सायकली लावायच्या आणि घरांच्या मधून निघून सरळ चढणीला लागायचं. ही वाट कुणाच्या श्रद्धेची नाही, कुणाच्या गुरांची नाही. ती पोरांनी पाडलेली आहे, घाईनं, त्यामुळे वळणं न घेता नाकासमोर चढते आणि दमवते. नोव्हेंबरात कुसळं तयार झाली की पायमोजे, चड्डी, बुटाच्या नाड्या, सगळीकडं ती रुततात. घरी गेल्यावर आई न विचारता एकेक कुसळ उपटायची आणि ढीग करायची. "अभ्यासाला गेलतास न्हवं?" एवढंच. पुरावा समोर असताना चौकशी कशाला.

दहावीत असताना, १९८६ साली, आम्ही तिघं तिथून आडवं मारत लेण्यांपर्यंत गेलो, आणि मी कंपासपेटीतलं कर्कटक काढून एका खोलीच्या भिंतीवर माझी आद्याक्षरं आणि '१०-ब' असं कोरलं. बेसाल्ट हा दगड काही शाळकरी पोराला दाद देणारा नव्हे. कर्कटकाचं टोक वाकलं. 'ब'चं पोट अर्धंच राहिलं. तरी समाधान होतं.

या गोष्टीची लाज वाटायला मला पंधराएक वर्षं लागली, आणि ती वाटली कराडात नाही, कोकणात. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीकाठी कुडा म्हणून गाव आहे, तिथंही बौद्ध लेणी आहेत. पुण्यातल्या ऑफिसच्या मित्रांबरोबर गेलो होतो. तिथल्या ब्राह्मी लेखांत एक लेख आहे, त्यात लेणं दान देणाऱ्याचं नाव आहे: महिक, लोहवाणिज, म्हणजे लोखंडाचा व्यापारी, राहणार करहाकड. बरोबरचा जाणकार सहज म्हणाला, करहाकड म्हणजे तुमचं कराड. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावरही कराडकरांची दानं नोंदलेली आहेत, असंही तो म्हणाला. मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. आमच्या गावचा एक लोखंडवाला घाट उतरून समुद्राच्या वाटेवर कुठंतरी जातो, पदरचे पैसे घालून भिक्षूंसाठी पावसाळ्याचा निवारा खोदून देतो, मग नाव लिहितो, आणि नावाआधी धंदा लिहितो. आणि त्याच गावचा मी, कुणीतरी खोदून दिलेल्या निवाऱ्यात घुसून वर्ग आणि तुकडी लिहून येतो. दोघांचंही हत्यार लोखंडाचं, एवढंच काय ते साम्य.

त्या दिवशी त्या मित्रांना मी आगाशिवाबद्दल सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुण्यात असताना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळं केलं. महागडे बूट घेतले. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, तुमच्याकडं काय आहे ट्रेकला, तर मी सदाशिवगड, वसंतगड म्हणून मोकळा व्हायचो. ज्या डोंगरावर माझी आजी अनवाणी गेली आणि आई शेळ्यामेंढ्यांएवढ्या सहजपणे गेली, त्याला ट्रेक म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आणि ट्रेक नाही तर मग काय म्हणायचं, तेही कळत नव्हतं.

निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडून कराडला आलो. वडील आधी गेले, मागच्या पावसाळ्यात आई गेली. दिवसकार्य झाल्यावर चचेगावला मामाकडं जायचं राहून गेलं होतं, ते डोक्यात होतं. एका सकाळी स्कूटर काढली ती चचेगावला जायला, आणि का कोण जाणे, ढेबेवाडी फाट्यावर उजवीकडं न वळता सरळ हायवेनं नांदलापूर आणि तिथून जखिणवाडी. देवळाच्या आडोशाला स्कूटर लावली आणि चढायला लागलो.

गुडघा कुरकुरत होता. आजीच्या विठोबापाशी थांबलो. कुणीतरी ताजा बुक्का लावलेला होता. नंतर माझी अक्षरं शोधायला गेलो. खोली सापडायला वेळ लागला, कारण आठवणीत ती मोठी होती. भिंतीवर आता पुष्कळ मंडळी आहेत. ऑइलपेंटमधले बदाम, कुणाची कुणाशी जुळलेली नावं, एक मोबाईल नंबर. त्या गर्दीच्या खाली, मोबाईलचा उजेड तिरपा धरल्यावर, छिन्नीचे घाव दिसतात. बोटभर अंतरानं तिरके, एका मापाचे, वरून खाली पाऊस यावा तसे. ज्यानं खोदलं त्यानं नाव घातलं नाही, पण त्याचा हात उजवा होता हे त्या तिरकेपणावरून कळतं. त्या घावांवर आडवं माझं '१०-ब'. अर्ध्या पोटाचा ब. पुसता येईना. थुंकी लावून बोटानं घासलं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण घासलं.

मग वर. माथ्यावर वारा होता, देवळात एकटाच नंदी. उत्तरेच्या टोकाला गेलो, आई जिथं गुरं वळायची असं सांगायची तिथं, आणि कराडकडं बघितलं. घर काही दिसेना. सहा मजली इमारत दिसली, तिच्या टाकीवरून अंदाज केला. लईच ल्हान. खाली चचेगाव, उसाचे हिरवे तुकडे, त्यापलीकडं कोयना. तिथं उभं असताना माझ्या लक्षात आलं की पन्नास वर्षांत मी हा डोंगर कधी ओलांडलेलाच नाही. ज्या वाटेनं चढलो त्याच वाटेनं उतरलो, दर वेळी. कधी पायथ्याला आजीची एसटी असायची, कधी सायकल, कधी मामाकडचं जेवण. आजीचा डोंगर आणि आईचा डोंगर हे मी दोन वेगळे डोंगर म्हणून जपले होते, आणि दोघींनाही मी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

स्कूटर जखिणवाडीत होती. उतरलो चचेगावला.

वाट जवळजवळ बुजली होती. आता गुरं वर कुणी नेत नाही, एक तर गुरंच कमी झालीत, आणि बिबट्याची भीती. घाणेरी दोन्हीकडून आत आलेली. दोनदा चुकलो, एकदा बसून घसरत आलो. पँटला कुसळांची झालर. मामाच्या अंगणात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामी दारातच होती.

"आरं, हिकडनं कुठनं? गाडी कुठाय?"

"जखिणवाडीत."

"आन् आलास कसा?"

मी मागं डोंगराकडं हात केला. मामीनं डोंगराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या पँटकडं बघितलं. मग आतून पाट आणला, ओसरीवर ठेवला आणि म्हणाली, "बस." समोर बसून तिनं एकेक कुसळ उपटायला सुरुवात केली.

"म्हंजी मागल्या बाजूनं आलास," ती म्हणाली.

संध्याकाळी वडापनं ढेबेवाडी फाट्यापर्यंत, तिथून दुसऱ्या वडापनं नांदलापूर, आणि तिथून अंधारात चालत जखिणवाडी.