जालन्याचे पाणी आणि पहारा

गुरू गणेश तपोधामाच्या दर्शनासाठी आपल्या समाजातील कुटुंबे वर्षभर जालन्यास येत असतात. दर्शन होते, गोशाळेत एक फेरी होते, नातलगांकडे भोजन होते आणि संध्याकाळची गाडी धरून मंडळी परततात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण बहुतेकांच्या तोंडी असते. मात्र हा पाळणा कोणी बांधला, त्याची दोरी कोणाच्या हाती होती आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे पाहण्यास सवड मिळत नाही. ज्यांच्या हाती आणखी अर्धा दिवस असेल, त्यांच्यासाठी हे टिपण.

प्रारंभ कुंडलिका नदीपासून करावा. नदीच्या एका काठाला जुने जालना आणि दुसऱ्या काठाला कादराबाद, अशी ही जोडवस्ती आहे. नदी बारमाही नाही, त्यामुळे या गावात पाणी साठवून ठेवण्याची विद्या राज्यकर्त्यांच्या आधीपासून महत्त्वाची ठरली. सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या सरदाराने येथे मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून ते पाणी गावातील हौदांत आणले. यांपैकी सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. जवळच्या काळ्या मशिदीचे बांधकाम १५६८ चे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सर्वांत मोठा हौद वाड्यात नव्हता, सराईत होता. जेथे वाटसरू, तांडेवाले आणि व्यापारी उतरत, तेथे पाणी पोहोचवले म्हणजे पेठ आपोआप वसते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना उमगले होते. भरभराटीच्या दिवसांत गावात असे पाच तलाव होते.

तेथून मस्तगडाकडे वळावे. ही गढी निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या काळात, १७२५ मध्ये बांधली गेली. आकाराने चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज आणि आत एक प्रशस्त विहीर. विहिरीच्या पोटात सज्जे आणि खोल्या काढलेल्या आहेत. पहारेकऱ्यांचे ठाणे आणि पाण्याचा साठा एकाच तटाच्या आत असावेत, अशी ही रचना. पुढे याच गढीत नगरपालिकेचे कार्यालय थाटले गेले. तलवारीच्या जागी नळपट्टीची पावती आली, एवढाच काय तो फरक.

जालन्याच्या इतिहासातील पुढचे पान परक्या फौजेचे आहे. सप्टेंबर १८०३ च्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रजी पलटणींनी शिंद्यांच्या ताब्यातील जालना घेतले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस, जिल्ह्याच्या उत्तरेकडील असई गावाजवळ, आर्थर वेलस्लीने मराठी फौजेचा पराभव केला. युद्धानंतरच्या तहांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख निजामाकडे आला. राज्य निजामाचे, पण जालन्याच्या छावणीत कवायत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने होऊ लागली. ही फौज पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने प्रसिद्ध झाली. बंडखोर सरदार, रोहिल्यांच्या टोळ्या आणि डोंगरातील भिल्लांचे उठाव मोडून काढणे, हे तिचे काम.

व्यापारी कुटुंबांना यातील हिशेबाची बाजू विशेष रंजक वाटेल. फौज इंग्रजांच्या मर्जीची आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, अशी ही व्यवस्था होती. पगार वेळेवर भागावा म्हणून हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने रक्कम उचलली जाई. ती पेढी १८२४ मध्ये बुडाली, पण कर्ज घेऊन पहारा पोसण्याची रीत बुडाली नाही. थकबाकी वाढत वाढत चाळीस लाखांच्या वर गेली आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाडासह आपले सुपीक जिल्हे इंग्रजांच्या हवाली करावे लागले. १९०२ मध्ये वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांच्या बोलीने कायमच्या पट्ट्यावर दिले गेले आणि लगेच पुढच्या वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली. ज्या फौजेच्या खर्चासाठी प्रांत गेला, ती फौज गेली. प्रांत मात्र परत आला नाही. गहाणखताचे इतके बोलके उदाहरण एखाद्या पेढीच्या वहीतही क्वचितच सापडेल.

छावणीचे लाभही होते, हे नाकारता येत नाही. जेथे पलटण, तेथे धान्य, कापड, तूप, घोड्यांची वैरण यांस कायमचे गिऱ्हाईक. वाटा निर्धोक झाल्या म्हणजे हुंडी चालते आणि मालाच्या गाड्या रात्रीही निघतात. सर सालारजंग दिवाण झाल्यावर १८६५ पासून जिल्हाबंदी झाली, महसूल आणि पोलीस यांची कामे निराळी करण्यात आली आणि बांधकामासाठी ‘तामिरात’ हे स्वतंत्र खाते उभे राहिले. जुन्या घरांतील कागदपत्रांत ‘मोहतमीम’, ‘करोडगिरी’, ‘हाली सिक्का’ हे शब्द आढळतात, ते या कारभारातले. करोडगिरी म्हणजे मोगलाईच्या हद्दीवरची जकात. हाली रुपया निजामाचा आणि कलदार इंग्रजांचा. ढोबळ मानाने सात हालीचे सहा कलदार होत. सरहद्दीपलीकडे माल पाठवणाऱ्यास भाव, जकात आणि वटाव असे तीन हिशेब एकाच वेळी मनात ठेवावे लागत.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे जालन्यावरून गेली. संवत १९५६ च्या, म्हणजे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलीतल्या छप्पनियाच्या, दुष्काळाचे ते दिवस. रेल्वेने कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या, सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले आणि पेठ पुन्हा फुलली.

परंतु या वैभवाकडे पाहताना दुसरी बाजू झाकून ठेवणे न्याय्य होणार नाही. ज्या शिपायाच्या भरवशावर दुकानदार रात्री निश्चिंत झोपे, तोच शिपाई दिवसा कुणब्याच्या दारी जप्तीचा हुकूम घेऊन जाई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. ज्यांची खते जळली त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार पुष्कळ होते. सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला आणि व्याजाचे जुने हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. ही घटना इंग्रजी हद्दीतली, जालना मोगलाईत. तरी तिचा बोध हद्द मानत नाही. कायदा एकाच बाजूचे दार राखू लागला की दुसऱ्या बाजूची माणसे त्याला कायदा मानीनाशी होतात. मराठवाड्याने हे पुढे रझाकारांच्या काळात फार जवळून अनुभवले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेना हैदराबाद संस्थानात आली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्या मोहिमेलाही नाव मिळाले ते ‘पोलीस कारवाई’ असेच.

शेवटचा मुक्काम घाणेवाडीचा. निजामी अमदानीत शहराच्या वरच्या अंगाला हा जलाशय बांधण्यात आला. त्याचे वैशिष्ट्य असे की, पाणी केवळ उताराने नळांतून शहरापर्यंत येते. त्याला विजेचा पंप लागत नाही. जलाशयाला आता संत गाडगेबाबांचे नाव आहे, आणि स्वच्छतेसाठी आयुष्य वेचणाऱ्या संताचे नाव येथे शोभून दिसते. कारण मधल्या काळात तळाशी गाळ साचत गेला आणि त्याची दखल घेण्यास कोणास सवड नव्हती. बियाणे आणि पोलाद यांच्या उद्योगांनी जालन्याचे नाव देशभर नेले, घरोघरी मोटारी आल्या, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात हेच शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. तेव्हा जी जाग आली ती सरकारी आदेशाने आलेली नव्हती. नागरिक, उद्योजक आणि व्यापारी यांनी वर्गणी काढून यंत्रे लावली. शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या खर्चाने शेतात नेऊन टाकला. तलाव खोल झाला आणि रानही कसदार झाले. ज्या दोन वर्गांत एकेकाळी जप्तीचा शिपाई उभा होता, त्यांच्यात या वेळी गाळाची ट्रॉली उभी होती.

आज छावणीच्या कवायतीचा दरारा कोणास आठवत नाही, आणि हाली रुपया केवळ संग्राहकांच्या पेटीत उरला आहे. घाणेवाडीच्या नळाला मात्र पाऊस झाला की अजून पाणी येते. आपल्या पूर्वजांनी पाणपोया आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या कोनशिला आपण अभिमानाने दाखवतो. गाळ काढण्याच्या कामाला कोनशिला नसते. ते काही वर्षांनी पुन्हा करावे लागते. म्हणून जालन्यास याल तेव्हा पावसाळा सरता सरता या, दर्शनानंतर वाहन घाणेवाडीकडे वळवा आणि बांधावर उभे राहून मुलांना विचारा की, हे पाणी पंपावाचून आपल्या घरी कसे पोहोचत असेल. उत्तर शोधताना त्यांना उताराचे गणित कळेल. गाळाची गोष्ट मात्र आपण त्यांना सांगायची.