सेनिओ नदीच्या काठी

पेसाह आटोपल्यावर आम्ही अकरा जणं, बहुतेक सत्तरी ओलांडलेली, इटलीला जाऊन आलो. व्हेनिस, फ्लॉरेन्स सगळेच बघतात, त्याबद्दल लिहीत नाही. राव्हेन्नाजवळच्या आल्फोन्सिने या लहान गावाबद्दल लिहायचे आहे.

तिथे सेनिओच्या लढाईचे संग्रहालय आहे. गणवेश, हत्यारे, नकाशे, फोटो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या नदीवर दोन्ही सैन्ये समोरासमोर अडून बसली होती आणि गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. ज्यू ब्रिगेड याच आघाडीवर लढली, हे आपल्याला इस्राएलमध्ये माहीत आहे. पण त्याच नदीवर आपली मराठी माणसेही होती, हे आमच्यातल्या कितीजणांना ठाऊक होते? खरे सांगायचे तर दोघांनाच.

९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने नदी ओलांडली. शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले निमज गावचे, वय तेवीस. सोबतची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी गोळीबारात दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांतून पलीकडे नेले. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी उडवली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर अली हैदर यांनाही मिळाला.

आम्ही तो बांध चढलो. नदी अगदी अरुंद, पण बांध उंच हो! आयुष्यभर वॉर्डात पेशंट उचलले, स्ट्रेचरला दोघे असले तरी दम लागतो. इथे एकटा माणूस, ओला चिखल, वरून गोळ्या. आम्ही कोणी काही बोललो नाही.

पियान्जिपानेच्या दफनभूमीत ज्यू ब्रिगेडच्या जवानांच्या कबरी आहेत. मिनियान जमला नाही, म्हणून कद्दीश म्हणता आले नाही. तेहिलिम वाचले, खडे ठेवले. मग फोर्लीला गेलो. तिथे हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले त्यांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. कबरच नाही, तर खडा कुठे ठेवायचा? आमच्यातल्या एका बाईंचे मामा इटलीच्या लढाईतून परत आले होते. त्या म्हणाल्या, "मामा काही बोलायचे नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाही." त्यांनी नावांच्या खाली, जमिनीवर खडा ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले.

परत आल्यावर आम्ही हे सर्व साध्या मराठीत चार पानांत लिहिले आणि फोटोंसकट कोकणातल्या जुन्या शेजाऱ्यांना पाठवले. एकीने फोनवर सांगितले, "अगं, आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत. त्यांची पदके पेटीतच पडून आहेत." ती पाने तिने गावच्या शाळेत वाचायला दिली.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी लढाईतल्या कोणाचा फोटो, पत्र, पदक असेल तर ते नातवंडांना दाखवा, मागे नाव आणि पलटण लिहून ठेवा. आम्ही विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.