कोड : कातडीवरचे आणि मनातले

मराठीतील ‘कोड’ हा शब्द मूळ ‘कुष्ठ’ या शब्दापासून आलेला आहे. हिंदीत त्याच घराण्यातील ‘कोढ’ म्हणजे महारोग. शब्दांच्या या नात्यामुळे दोन अगदी वेगळे आजार लोकांच्या मनात एकत्र बांधले गेले, आणि ज्या आजारात संसर्ग मुळीच नाही त्याच्या रुग्णालाही पंगतीत वेगळे बसवले जाऊ लागले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलणे आमचे काम नव्हे. तरीही वसतिगृहात मुलामुलींच्या सहवासात जे पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी आठवीत एक विद्यार्थिनी दाखल झाली. डोळ्यांच्या कडांना, गालावर आणि बोटांच्या टोकांना पांढरे डाग. ती सर्वांत शेवटी जेवायला येई. वंदनेच्या वेळी भिंतीलगत बसे, ओढणी तोंडावरून सरकू देत नसे. शाळेत तिला कोणी काही बोलले नव्हते. दूर बसण्याचे शिक्षण ती घरूनच घेऊन आली होती. पालकभेटीच्या दिवशी तिची आजी आम्हांला म्हणाली, “मागल्या जन्मीचं काही असंल, सर.” आजीच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात ओवलेले बाबासाहेबांचे पदक होते.

आजीला दोष देण्याचे कारण नाही. तिने जे सांगितले ते कोठून आले हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. वस्त्र चोरणाऱ्याच्या अंगावर कोड उठते, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. पापाची खूण म्हणून. तिसऱ्या अध्यायात ज्या घराण्यांतील मुलगी करू नये त्यांची यादी आहे, त्यात कोड असलेले घराणेही आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. जातीविषयीचे त्यातील निर्णय आपण ओळखून नाकारले. हा एक निर्णय मात्र ग्रंथाचे नाव गळून पडल्यामुळे, घरगुती शहाणपण म्हणून, आपल्याच माजघरात राहून गेला. सोयरीक जुळवताना आजही मुलीच्या हातापायांकडे निरखून पाहिले जाते ते कशासाठी, हे वाचकांना सांगायला नको.

इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या सोयीचेच सांगू नये, म्हणून हेही नोंदवतो. विनयपिटकातील महावग्गात उपसंपदेपूर्वी ज्या पाच आजारांविषयी विचारले जाते, त्यांत ‘किलास’ आहे; प्राचीन वाङ्मयात हा शब्द पांढऱ्या डागांसाठीही येतो. पण तेथे दिलेले कारण पापाचे नाही. मगधात रोगराई पसरली असता केवळ जीवकाकडून उपचार मिळावेत म्हणून लोक चीवर घेऊ लागले, ही अडचण त्यामागे सांगितली आहे.

त्या मुलीच्या उपचाराचा विषय निघाला तेव्हा आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणाले, रंगाला एवढे महत्त्व कशाला? तिला आहे तशी स्वीकारू या. हेतू चांगला होता, पण आम्हांला तो विचार पटला नाही. सावळ्या कातडीवर डाग अधिक उठून दिसतात, आणि त्याचे ओझे वाहणारी ती होती, आम्ही नव्हतो. तिला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “सर, मला औषध पाहिजे.”

जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते. मलम तो हल्ला शांत करते. टॅक्रोलिमसचे मलम दिवसातून दोनदा लावायचे. चेहऱ्यावर गुण लवकर येईल, बोटांच्या टोकांवर बहुधा येणार नाही, आणि तीन महिने काहीच दिसले नाही तरी सोडायचे नाही. सुरुवातीला जळजळ झाली. पाचव्या महिन्यात गालावरील डागात खसखशीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागले. रंग केसांच्या मुळांपासून परततो, म्हणून तो ठिपक्यांनी येतो. बोटे पांढरीच राहिली. हिवाळ्यात कोपरावर नवा डाग उठला, तेव्हा ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

त्याच हिवाळ्यात तिने भात वाढण्याची पाळी मागून घेतली. पांढऱ्या बोटांनीच ती वाढत असे. मलमामुळे धीर आला का, असे अधीक्षिकाबाईंनी विचारले. ती म्हणाली, “मलम लावायला रोज आरशात बघावं लागतं. आधी मी बघतच नव्हते.” गालाचा डाग तेव्हा अर्धाही भरला नव्हता.

जगात शंभरातील एखाद-दुसऱ्या माणसाला हा आजार असतो. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमाला बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डाग २४ आठवड्यांत तीन-चतुर्थांश किंवा अधिक भरून आले. तेथील त्याची किंमत मात्र शेतमजुराच्या घराला ऐकवणारही नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या मलमांनी पुष्कळ होते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइड क्रीमने कातडी पातळ होते. बावचीचे तेल लावून उन्हात बसवलेल्या मुलांच्या अंगावर आलेले फोड आम्ही पाहिले आहेत.

पालकांनी प्रवेशाच्या वेळी अर्जात हा आजार लपवू नये. ट्यूब आणि चिठ्ठी सोबत द्यावी. सकाळ-संध्याकाळ मलम लावून घेण्याचे अधीक्षिकाबाई पाहतात.