नेम घरीच घडतो

जोगेश्वरी (पूर्व)

प्रिय अनघा,

आजोबांच्या शिकारीच्या रायफलीचा नेम घरच्या घरी सुधारता येईल का, असं तू विचारलंस. तिला हात लावू नकोस. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. नळी, चाप, दस्ता हे परवानाधारक कारागिराचं काम. शिवाय शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबवली, हे फार चांगलं झालं. आमच्या जोगेश्वरीला लागून असलेल्या आरेत आजही बिबटे वावरतात.

पण नेमबाजाचा नेम मात्र घरीच सुधारतो. तू क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफल मारतेस. तिथला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. एवढ्या बारीक ठिकाणी पोहोचायचं तर आधी शरीर स्थिर हवं, आणि त्यासाठी एकही छर्रा खर्च करावा लागत नाही.

आमच्या खोलीसारखी पाच मीटरचीच जागा असेल, तरी चालेल. लक्ष्य निम्म्या मापाचं कर. साडेतीस मिलिमीटरचं काळं वर्तुळ साधारण पंधराचं होईल. छर्रे दुसऱ्या खोलीत ठेव आणि रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री कर. तिच्यात ड्राय-फायरची सोय असेल तरच चाप ओढ. स्प्रिंगची एअर गन रिकामी उडवली तर पिस्टनला मार बसतो.

उभी राहा, डोळे मीट, दोन श्वास घे, मग उघड. साइट लक्ष्याच्या बाजूला गेली असेल, तर हातांनी ओढू नकोस, पाय सरकव. चाप सरळ मागे, हळूच दाब. आवाज झाल्यावरही क्षणभर तशीच राहा आणि त्या क्षणी साइट कुठे होती ते वहीत लिही. नेम फार वेळ धरून ठेवलास, तर डोळा थकतो. अशा वेळी रायफल खाली घेण्याचं धाडस लागतं, आणि तेच सर्वात मोठं कौशल्य.

नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला याच दहा मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. अशा गुणांमागे रोजचा सराव असतो. तूही रोज अर्धा तास दे, आणि महिन्याने वही घेऊन माझ्याकडे ये. कुठे चुकतंय ते दोघी मिळून पाहू.

तुझी,
मावशी